तिसरी गाठ

सहा वाजून बारा मिनिटांनी रेवा जबलपूरवरून जाणार होती, आणि नेहमीप्रमाणे अवाक्षर न बोलता जाणार होती.

रेवा म्हणजे चहाच्या डब्याएवढा उपग्रह. श्यामसुंदर आणि नीलकंठराव या दोन निवृत्त हौशी रेडिओवाल्यांनी जबलपूरच्या महाराजपुरात, श्यामसुंदरांच्या गच्चीवरच्या खोलीत सहा वर्षं खपून तो जोडला. लग्नाच्या बसमध्ये शेजारच्या काकूंना बसवून द्यावं तसा तो कुणाच्या तरी मोठ्या उपग्रहासोबत वर गेला. वर जाऊन दर अर्ध्या मिनिटाला तारेच्या मोर्स लिपीत, कट्ट-कडकट्टात, आपलं नाव सांगायचं, एवढंच त्याचं काम. सात महिने झाले, त्याने नाव सांगितलं नव्हतं.

कारण श्यामसुंदरांना ठाऊक होतं. रेवाचा अँटेना म्हणजे स्टीलच्या मोजपट्टीची चार पाती. ती दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची. वर गेल्यावर एक तार तापते, दोरा जळतो, पाती उघडतात. नीलकंठराव म्हणाले होते, दोन गाठी पुरे. श्यामसुंदरांनी तीन मारल्या. हा माणूस लोणच्याच्या बरणीचा दादराही तीन गाठींनी बांधायचा. आता साडेतीनशे किलोमीटरवरची गाठ सोडवायला हात पुरत नव्हता. त्यांचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं.

महिन्याभरात रेवा खाली येता येता जळून जाणार होती. नीलकंठराव त्याआधीच जातील, असं डॉक्टरांचं मत होतं.

नीलकंठराव मूळचे तारघरातले. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी आठला ते विजय नगरातल्या आपल्या घरून तारेची कळ दाबायचे आणि इकडे महाराजपुरात रेडिओ कडकडायचा. लगेच श्यामसुंदरांची बायको शरयू स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले भावजी लंगडत." भावजींचे पाय धडधाकट होते. तारघरातल्या पंख्याने उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं केल्यापासून त्यांचा हात तेवढा ठोक्याठोक्यात अडखळायचा. शरयूला ती भाषा कधीच आली नाही. श्यामसुंदरांना अक्षरं ऐकू येत, तिला नुसती चाल.

त्या दिवशी श्यामसुंदर विजय नगरला निघाले तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत रेवाचा जादा ट्रान्समीटर होता. लायसन्समधल्या नियमाबाहेर जन्मात एक शब्द न बोललेला हा माणूस आज फसवणूक करणार होता. सहा-बाराला पिशवीत हात घालून बटण दाबायचं. नीलकंठाला रेवा ऐकू येईल. मग तो सुखाने जाईल.

दार नीलकंठरावांच्या सुनेने, प्रणालीने, उघडलं.

"काका, तुम्हीच सांगा ना यांना. एप्रिलची गर्मी, अन् रजई काढूच देत नाहीयेत. कूलर भी बंद करवला."

"कूलर घरघरते बे," आतून आवाज आला. "ऐकू काय येईन?"

नीलकंठराव रजईत गळ्यापर्यंत होते. डावा हात तेवढा बाहेर, उशाशी ठेवलेल्या रेडिओवर.

"शाम्या, वाळून राहिला तू. जेवत काहून नाही?"

"जेवतो ना."

"त्या गाठीचं डोक्यातून काढ."

"काढलं."

श्यामसुंदरांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी हात पिशवीत घातला.

सहा-बारा झाले. रेडिओत नुसती खरखर. श्यामसुंदरांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केलं, फसवणूक व्यवस्थित व्हावी म्हणून. सहा-तेरा. त्यांचं बोट बटणावर गेलं.

आणि बोट दाबायच्या आत सूर आला.

बारीक, दूरचा, विहिरीतून यावा तसा. आर. ई. व्ही. ए.

श्यामसुंदरांनी पिशवीतून हात काढला आणि तो काय करावा ते न कळून डोक्यावर ठेवला. पुन्हा आलं. आर, ई, व्ही, ए. समोरचं सगळं पाणीपाणी झालं. नीलकंठराव डोळे मिटून, घामाने निथळत, डाव्या हाताने रेडिओचं बटण फिरवत निसटता सूर सांभाळत होते. पाच वेळा नाव सांगून रेवा क्षितिजाखाली गेली.

"उघडली बे तुझी तिसरी गाठ," नीलकंठराव म्हणाले.

"मी आत्ताच सगळ्यांना कळवतो!"

"नाही. चार दिवस थांब. कोणाला सांगू नको."

"काहून?"

"पक्कं झाल्याशिवाय सांगाचं नसते. हौशी असलो तरी इज्जतदार आहोत आपण." मग जरा दम घेऊन म्हणाले, "आधी घरी जाऊन पोटभर जेव."

श्यामसुंदर त्या रात्री चार पोळ्या जेवले. शरयूने आणखी कणीक भिजवली. पुढच्या फेऱ्यांना रेवा पुन्हा गप्प होती. पण आता श्यामसुंदरांना तिचं काही वाटत नव्हतं. दमली असेल बिचारीची बॅटरी. ट्रान्समीटर त्यांनी फडताळात मागे ठेवून दिला. लबाडी करायची वेळ देवाने येऊ दिली नाही, असं ते मनात दोनदा म्हणाले.

चौथ्या दिवशी पहाटे नीलकंठराव गेले.

ग्वारीघाटावरच्या स्मशानातून परतून, अंघोळ करून श्यामसुंदर गच्चीवरच्या खोलीतला लॅपटॉप खाली घेऊन आले. चार दिवसांचा शब्द पाळून झाला होता. देशोदेशीच्या रेडिओवाल्यांना त्यांनी लिहिलं: रेवा जिवंत आहे, नीलकंठने तिला स्वतः ऐकलं. खाली ध्वनिमुद्रण जोडलं. पाठवण्याआधी एकदा नीट ऐकावं म्हणून आवाज मोठा केला.

संध्याकाळचे आठ वाजत होते. खोलीत बारीक सूर कडकडू लागला.

"आले भावजी लंगडत," सवयीने स्वयंपाकघरातून शरयू म्हणाली.