सरावापुरत्या पुंगळ्या

नेमबाजीच्या मैदानाच्या दूरच्या टोकाला खंदकातून टार्गेट वर आलं. व्हर्नाने दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

गोळ्या डावी-उजवीकडे फारशा सरकल्या नव्हत्या. हजार यार्डांचं अंतर, डोंगरावरून उतरताना सारखा दिशा बदलणारा वारा, तरी तिने झुळूक न् झुळूक बरोबर ओळखली होती. पण गोळ्या लागल्या होत्या एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. वारा गोळीला बाजूला नेतो. वरखाली करतं ते काडतूस. एक जोरात सुटतं, दुसरं जरा मंद.

"वारा आज तुझ्याइतका कुणालाच कळला नाही, पोरी," शेजारी गुण लिहायला बसलेली म्हातारी एल्सी म्हणाली.

मोठ्या सामन्यासाठी ओटावाला जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती. ती कर्टला मिळाली, व्हर्नाच्या धाकट्या भावाला. त्याच वाऱ्यातून त्याच्या साऱ्या गोळ्या एका बशीखाली झाकता येतील इतक्या जवळ जवळ लागल्या होत्या.

दोघांचीही काडतुसं त्यांच्या बापाने, हार्लनने, घरीच भरली होती. बंदुकीची दारू तीच, गोळ्या त्याच, वजनकाटा तोच. हिवाळाभर व्हर्ना तळघरात त्याच्या शेजारी बसून काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या निवडत होती. मानेपाशी, गोळी बसते तिथे, धातू सगळीकडे सारखा जाड नसेल ती पुंगळी बाजूला; तिच्यातली गोळी कधी जोरात सुटते, कधी मंद. अशा पुंगळीच्या बुडावर हार्लन काळ्या शाईची रेघ ओढायचा. त्या सरावापुरत्या. सामन्याला त्यांना कुणी हात लावायचा नाही.

व्हर्नाने चटईवरची एक रिकामी पुंगळी उचलली. बूड स्वच्छ होतं. तिने ती उन्हाकडे तिरकी धरली. बुडावर कोरलेल्या बारीक अक्षरांच्या खाचांत काळं काहीतरी राहिलं होतं. तिने दुसरी पाहिली. मग तिसरी. मग सगळ्याच ओंजळीत घेऊन ती उठली.

हार्लन आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर कॉफी पीत बसला होता. तिला पाहून त्याने सरकून जागा केली. ती बसली नाही. तिने पुंगळ्या त्याच्या शेजारी ओतल्या.

"काडतुसांचे डबे चुकून बदलले गेले का, डॅड?"

तिला हो ऐकायचं होतं. तो नुसतं हो म्हणाला असता तरी तिने विश्वास ठेवला असता. पुसलेल्या शाईचं काहीतरी कारण तिनेच शोधून काढलं असतं.

हार्लनने एक पुंगळी उचलून पाहिली आणि अंगठ्याने तिचं बूड चोळलं.

"माझे डबे चुकून कधी बदलत नाहीत," तो म्हणाला.

मग तो खाली बघत हळूहळू सांगू लागला. कर्ट एप्रिलपासून प्यायलेला नव्हता. घरी आला तेव्हा त्याला साधा कप धरवत नव्हता, आणि आज त्याने रायफल कशी धरली होती ते सगळ्यांनी पाहिलं. आज हरला असता तर रात्रीपर्यंत तो कुठल्या बारमध्ये सापडला असता हे सांगायला नको. कर्टला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि कळूही द्यायचं नव्हतं.

"आणि मी?" व्हर्नाने विचारलं.

"तू सावरतेस. लहानपणापासून सावरतेस."

एवढ्यात कर्ट मैदानातून आला. त्याने येताच बहिणीला मिठी मारली. त्याचा शर्ट घामाने भिजला होता आणि चेहरा कित्येक वर्षांत नव्हता इतका तरुण दिसत होता.

"मी तर तुझीच बॅग भरायच्या तयारीत होतो. काय झालं गं, व्हर्न?"

"माझं चुकलं," हार्लन लगेच म्हणाला. "तिला सरावाचा डबा दिला गेला."

किती सहज म्हणाला. व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली.

कर्ट हसला, मग थांबला. त्याने पुंगळ्यांकडे पाहिलं. म्हणजे हा निकाल खरा नव्हेच, तो म्हणाला. समितीची माणसं अजून गेलेली नाहीत, आत्ताच सांगू, ती तुला पुन्हा गोळ्या मारू देतील. तो वळलासुद्धा. हार्लनने कप खाली ठेवला आणि तो लेकीकडे बघत राहिला.

"कर्ट," व्हर्ना म्हणाली. "राहू दे. तू चांगलं मारलंस. ते तुझंच आहे."

"नक्की?"

"नक्की."

कर्ट सामान आवरायला गेला. हार्लनने सुस्कारा सोडला आणि तिच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला. ती बाजूला झाली. तिने ट्रकमधून स्वतःची रायफल काढली, बॅग काढली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागली. एल्सी तिथे आपल्या जुन्या गाडीत खुर्च्या भरत होती.

"तुमच्या गॅरेजमधलं काडतुसं भरायचं यंत्र चालतं का अजून?" व्हर्नाने विचारलं.

"चालत असेल. आमचे हे गेल्यापासून कुणी हात लावला नाही. गंजलं असणार."

"गंज मी काढीन."

एल्सीने तिच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या ट्रककडे पाहिलं. पुढच्या सीटवरची पाण्याची बाटली, टोपी आणि सँडविचचा डबा तिने मागे टाकला.

व्हर्ना आत बसली. पलीकडे हार्लनच्या ट्रकचं इंजिन सुरू झालं आणि कितीतरी वेळ जागच्या जागी तसंच सुरू राहिलं.