गाभोळीचं कालवण

"अंडी घालायला ओढ्यातून वर चढणारा मासा खायचाच कशाला? सगळा कस गाभोळीत जातो, मांस म्हणजे नुसता कापूस," मंदा पाटावर बसता बसता नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

वीस वर्षं या घरात चढणीचे मासे तिनेच रांधले होते. यंदा बोट विळीवर कापलं, म्हणून कालवण धाकट्या जावेने, चार महिन्यांपूर्वी आलेल्या चित्राने केलं. तेही गाभोळी ठेचून रश्शात मिसळून.

पंगतीत कालवणाबद्दल कुणी बोलेना. सासऱ्यांनी भाताची तारीफ केली, दिराने लोणच्याची. नवऱ्याने मंदाकडे न बघता तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. इतक्या वर्षांत त्याने दुसऱ्यांदाही कधी मागितलं नव्हतं.

मंदाने रागारागाने घास कोंबला. कापूस कुठला! गाभोळीत माखलेला तुकडा जिभेवर विरघळला, मागून त्रिफळाचा वास. तिचे डोळे भरले. तिखटाने म्हणावं, तर कालवण मुळीच तिखट नव्हतं.

चित्रा दाराशी पदर चुरगळत उभी होती. "ताई, बिघडलं का हो?"

सगळ्यांचे हात ताटात थांबले.

मंदा म्हणाली, "नाही गं. माझ्यापेक्षा चांगलं झालंय."