जेवणानंतरचा तास

दिवा अजून हिरवा होता. भिंगरीने कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना घट्ट अडकवले.

या वॉर्डातल्या बायकांना पोटात घास गेला की स्वस्थ बसवत नसे. खाल्लेलं अंगातून झटकून टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून कमरेला पट्टा. हालचाल वाढली की दिवा लाल, आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर पिपाणी. भिंगरी शिवणकाम करायची. विजेचं मशीन झाकून ठेवून मुद्दाम पायाचं चालवायची, कापड नसलं तरी चालवायची. इथे खुर्चीत बसूनही तिचे पाय तेच करत. म्हणून तर ती भिंगरी.

आज मात्र पाय हलून चालणार नव्हतं. खाली अंगणात ताई न्यायला आली होती. ताईला मुलगी झाली होती आणि या मावशीने तिला अजून पाहिलंही नव्हतं. तासभर दिवा हिरवा राहिला तरच घरी सोडणार, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

शेजारच्या पलंगावरची काकू टपाल वाटायची. सायकल असून पायी. तिचा दिवा हिरवागार होता, कारण तिने पट्टा उशीला बांधून उशीला पांघरुणात निजवलं होतं. स्वतः पलंगाखाली उताणी पडून ती पोटाचे व्यायाम करत होती.

एकाएकी पलंगाखालचं धापा टाकणं थांबलं.

“अगं ए,” काकू कुजबुजली, “माझी वेणी अडकली.”

“कशात?”

“पलंगाच्या स्प्रिंगमध्ये. सोडव ना!”

“उठले तर दिवा लाल होईल, काकू. ताई खाली उभी आहे.”

“मग मी काय इथेच संसार थाटू?”

भिंगरीने ओठ चावले. पलंगाखालून काकूचे दोन पाय बाहेर आले आणि हवेत गरगर फिरू लागले. जन्मात सायकलवर न बसलेली काकू आडवी पडून सायकल चालवत होती. वर उशी शहाण्या पेशंटसारखी गाढ झोपली होती.

भिंगरीच्या नाकातून आधी नुसती शिट्टी निघाली. मग खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. दिवा लालभडक झाला.

डॉक्टरबाई आणि सिस्टर धावत आल्या. काकूचे पाय झटकन आत गेले.

“पुन्हा? किती उठाबशा काढल्यास?”

खरं सांगावं तर काकू सापडणार. तिने तोंडावर हात दाबला.

“सिस्टर, हिच्या ताईला परत जायला सांगा.”

भिंगरीचं हसू पळालं. तरी तोंडावरचा हात तिने काढला नाही. सिस्टर दाराकडे वळल्या.

“थांबा हो!” पलंग ओरडला. “ती जागची हललेली नाही. व्यायाम इथे चाललाय!”

सिस्टरनी पांघरूण ओढलं तर आत उशी. त्या खाली वाकल्या, आणि हसत हसत फरशीवरच बसल्या.

“हसण्याने दिवा लाल होत नाही,” डॉक्टरबाई ठामपणे म्हणाल्या. खात्री करायला त्यांनी भिंगरीचा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला आणि ताठ उभ्या राहिल्या. सिस्टर वेणी ओढू लागल्या.

“हळू, बाई! टपाल फाटेल!” काकू कामावरच्या सवयीने किंचाळली.

डॉक्टरबाईंनी गाल फुगवले, छताकडे पाहिलं, आणि फस्सकन फुटल्या. दिवा लाल. पलीकडे त्यांच्याच टेबलावर पिपाणी केकाटली.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले.

“दिव्याचं राहू दे. आता तुझ्या उत्तरावर ठरवू. या तासात व्यायामाचा विचार किती वेळा आला?”

हा प्रश्न रोजचाच. “एकदाही नाही,” असं भिंगरी रोज घोकल्यासारखं सांगायची, आणि तेव्हाही खुर्चीखाली तिचे पाय चालूच असायचे. आज ते पाय कुठेतरी सैल पसरले होते. ती हसून दुखणारं पोट धरून बसली होती.

“कसला विचार?” तिने विचारलं.