पोत

देवेश सरांनी खुर्चीकडे बोट केलं तशी सोनूबाई पदर सावरून बसली आणि तिची नजर आधी आपल्या लेकीला शोधायला लागली.

विनिता खिडकीपाशी होती. तिनं आईला पाहिलं, चटकन मान खाली घातली आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

सोनूबाईच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच अडलं. घरी तिनं मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. बाजारात तिच्याकडून पापलेटं घेणारे हे सर काल म्हणाले होते, "बाई, उद्या आमच्या वर्गात तासभर बसाल का? मुलांना चित्र काढायचंय." कॉलेजचं नाव ऐकलं तर पोरीचंच कॉलेज! ती हरखूनच गेली. आज तिनं बाजारात मासळीची पाटी लावली नाही. चंदनाचा साबण घासून आंघोळ केली, जरीचं लुगडं नेसली, वेणी माळली, लग्नाकार्यातलं सोनं अंगावर चढवलं आणि वेसाव्याहून रिक्षानं अंधेरीला आली. सरांना ठाऊकच नव्हतं, ही कुणाची आई ते.

"बघा रे, रंगाची घाई नको," सर वर्गाला सांगत होते. "चित्राचे एलिमेंट एकेक करून घ्या. आधी रेषा. मानेपासून कमरेपर्यंत कशी उतरलीय बघा. मग आकार, मग उजेड आणि सावली. आणि पोत शिकायचा तर ह्यांचे हात बघा."

सगळा वर्ग तिच्या हातांकडे बघायला लागला. बर्फानं उललेली बोटं, काट्यांनी चिरलेली कातडी. सोनूबाई हात पदराखाली घ्यायला गेली.

"नको, नको. तसेच राहू द्या."

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, स्मेलपण एलिमेंट आहे का?"

वर्ग फिसकन हसला. सर ओरडले, "गप्प बस रे!" पण तेवढ्यात सोनूबाईनं खिडकीकडे पाहिलंच. विनितापण हसत होती. सगळ्यांइतकीच. जास्त नाही, कमी नाही.

मग तीच म्हणाली, "मावशी, मान जरा वर करा ना."

सोनूबाईनं मान वर केली. 'आये, जेवाला वाढ' म्हणून घरात हुकूम सोडणाऱ्या पोरीनं जन्मात पहिल्यांदा तिला अहोजाहो केलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायची सोय नव्हती. हलायचं नव्हतं.

तास संपला. एकेक चित्र बघत सर विनितापाशी आले आणि थांबलेच.

"वा! बाई, इकडे या. बघा तुमचे हात."

सोनूबाई गेली. हात हुबेहूब होते. एकेक भेग होती. अंगठ्याच्या आतला कोयतीचा जुना वणसुद्धा होता, जो एवढ्या लांबून कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. तोंडाच्या जागी कागद कोराच.

"चेहरा कुठाय गं?" सरांनी विचारलं.

"काढते, सर." विनितानं पेन्सिल उचलली. ती कागदाला टेकेना.

सोनूबाई हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ताई. तोंड काढलंत तर कुनीतरी वळखंल."