कूस

"आई, उद्यापासून मला दवाखान्यात नोकरी आहे," मंदा म्हणाली. "आमच्या रुग्णसेवेच्या मोफत वर्गातल्या तिघींनाच घेतलंय."

"जा की. पण मला कूस कोण बदलून देणार?" अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई म्हणाल्या.

दारातून जाऊ हसली. "आम्ही हात लावला की आई किंचाळतात. घरात शिकलेली बाई असताना बाहेरची कोण ठेवणार?"

वर्गातलं सगळं मंदानं सासूबाईंवरच गिरवलं होतं. आज मुद्दाम हिसका द्यायचा, म्हणजे सुटका होईल. देवा, एवढ्या एका वेळी माफ कर.

तिनं पाठीखाली हात सरकवले. हात नेहमीसारखेच अलगद वळले. गुडघ्यांमध्ये उशीसुद्धा ठेवली गेली.

सासूबाईंनी सुखानं डोळे मिटले. "बघ गं, हिच्या हातून दुखतच नाही."

"मग ठरलं तर," म्हणत जाऊ आत गेली.