उरलंसुरलं

“फ्रिज आत्ता उघडू नका,” कॅमेरावाला म्हणाला. “मी खूण केली की उघडा. चेहऱ्यावर खरं कुतूहल दिसलं पाहिजे.”

“खरंच असतं हो ते. आत काय आहे हे मलाच कुठे ठाऊक असतं?” झटपटराव अॅप्रनची गाठ मारत म्हणाले. “म्हणून तर ही कला!”

झटपटराव हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं. एरवी ते विमा कंपनीत बसून लोकांचे दावे फेटाळत. संध्याकाळी घरी आले की मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा करत आणि दमूनभागून आलेल्या जगाला स्वयंपाक शिकवत. उरलेला भात घ्या. उरलेलं चिकन घ्या. वर एक अंडं फोडा, मिरपूड भुरभुरवा, झालं जेवण! “उरलंसुरलं घ्या, सोनं करा!” हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं आणि ते म्हणताना त्यांची डावी भुवई वर जात असे. पाककृती सांगून झाली की ते थोडं रागवतही. वेळ नाही ही निव्वळ सबब आहे, म्हणत. एका बाईने खाली लिहिलं होतं, “आमच्याकडे रात्री काही उरतच नाही हो.” झटपटरावांनी उत्तर दिलं, “नियोजन शिका, ताई.” त्या उत्तरावर शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता एका टीव्ही वाहिनीला ते हवे होते. रोज संध्याकाळी अर्धा तास, खुद्द झटपटरावांचा. अट एकच. त्यांच्याच घरी, त्यांच्याच फ्रिजमधून, तयारी न करता एक पदार्थ त्यांनी करून दाखवायचा. आज जमलं तर कार्यक्रम त्यांचा, नाहीतर रांगेत इतर होतेच. झटपटरावांचं ऑफिसात साहेबांना आडून आडून राजीनाम्याचं सुचवूनही झालं होतं. बायकोला मात्र सांगायचं राहून गेलं. ती औषधांच्या दुकानात दुपारपाळीला जायची, रात्री दुकान बंद करून यायची. तिचा यात काय संबंध?

ती जाताना त्यांचं जेवण ओट्यावर झाकून ठेवायची. ते त्यांनी आजही आल्या आल्या जेवून घेतलं होतं. रिकाम्या पोटी त्यांना सुचत नसे. मग पोट भरलं की फ्रिज उघडायचा, आतले डबे काढायचे, सोनं करायचं, व्हिडिओ घ्यायचा आणि वाट्या भरभरून वरच्या मजल्यावर, शेजारी, समोर पोचवून यायच्या. शेजारी कौतुक करत. बायको सुरुवातीला काहीबाही बोलायची. कलेला पहिला विरोध घरातूनच होतो, असं ते मित्रांना सांगत. पुढे ती बोलायची थांबली, तेव्हा तिला पटलं असं ते धरून चालले.

“चला!” कॅमेरावाल्याने हात वर केला.

झटपटरावांनी भुवई वर केली आणि दार उघडलं. आत दुधाचं पातेलं होतं, लोणी होतं, अर्धं लिंबू होतं. दारात अंडी ओळीने बसली होती. डबा एकही नव्हता. त्यांनी दुधाचं पातेलं सरकवून मागे पाहिलं, भाजीचा खण ओढला, मग बर्फाच्या खणातही हात घालून झाला.

“इथे टोपलीत बटाटे आहेत की,” वाहिनीच्या निर्मातीबाई मदतीला धावल्या. “कोबी आहे. बरणीत तांदूळही दिसतायत.”

“अहो, पण हे सगळं कच्चं आहे!” झटपटराव इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हणाले की कॅमेरावाल्याला खोकला आला.

“मग शिजवा ना.”

झटपटरावांनी बटाटा हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. भात कशात लावतात, पाणी किती घालतात, हे त्यांच्या एकाही व्हिडिओत नव्हतं. हातातोंडाशी आलेला कार्यक्रम टोपलीतल्या बटाट्यांपायी जाणार की काय! त्यांनी बटाटा ओट्यावर ठेवला आणि बायकोला फोन लावला. बर्फाच्या खणात घातलेले हात अजून ओले होते, म्हणून स्पीकरवर. कॅमेरा बंद करायला कुणीच सांगितलं नाही.

“अगं, फ्रिजमधलं उरलेलं कुठाय?”

“कुठलं उरलेलं?”

“रोज असतं ते! भात, भाजी, काहीतरी डब्यात... चॅनेलची माणसं आलीयत इथे, लवकर सांग.”

पलीकडे स्टीलच्या झाकणाचा आवाज झाला.

“ते उरलेलं नसतं हो. ते माझं रात्रीचं जेवण असतं. आजपासून डबा घेऊन यायला लागले. आत्ता तेच जेवतेय.”

झटपटराव कॅमेऱ्याकडे पाहून हसले, पण भुवई काही वर गेली नाही. निर्मातीबाई फोनजवळ आल्या.

“वहिनी, मी चॅनेलकडून बोलतेय. मग इतके दिवस तुम्ही रात्री घरी येऊन काय जेवत होतात?”

पलीकडून घास गिळल्याचं ऐकू आलं.

“शेजाऱ्यांना वाटून राहिलंच काही, तर तेच,” ती म्हणाली. “उरलंसुरलं.”