झाकणाखालची कात्री

झाकण निघालं आणि डॉक्टरिणीचा हात जागीच थांबला. बॅटरीखाली काळ्या मार्करने तारीख लिहिली होती. तारखेशेजारी एक चिमुकली कात्री काढलेली होती.

ती फोन दुरुस्त करायची, म्हणून अख्खा बाजार तिला डॉक्टरीण म्हणायचा. उघडलेल्या प्रत्येक फोनच्या पोटात ती तारीख टाकून ठेवायची, म्हणजे पुढे गॅरंटीवरून हुज्जत घालणाऱ्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं. कात्री मात्र तिने एकाच फोनमध्ये काढली होती. तो तिच्या धाकट्या बहिणीचा होता.

बहीण केस कापायची, आणि असे कापायची की बायका तिच्यासाठी आठवडाभर ताटकळायच्या. अकरा महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरच्या दोघांनी भर दुपारी तिच्या हातातला फोन हिसकावला. तिने तो सोडला नाही, तर मेल्यांनी तिला चार दुकानं फरपटत नेलं. मनगटात स्टीलच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आता कात्री धरली की बोटं थरथरतात. ज्या दुकानात ती केस कापायची, तिथेच ती दुसऱ्यांनी कापलेले केस झाडते.

"जाऊ दे ना ताई, हात काही परत यायचा नाही," असं ती म्हणायची. पण डॉक्टरीण जाऊ देणाऱ्यातली नव्हती. यात ज्याचा ज्याचा हात आहे त्या एकालाही सोडायचं नाही, असं तिने दवाखान्याच्या बाकावरच ठरवलं होतं. तेव्हापासून त्या मॉडेलचा फोन आला की ती आधी झाकण उघडायची आणि मग बोलायची.

काउंटरपलीकडे वाचनालयाचे ग्रंथपाल खुशीत उभे होते.

"ऑनलाइन घेतला. अर्ध्या किमतीत!" ते म्हणाले. "फक्त चालू केला की कुणाचातरी पासवर्ड मागतो. तेवढं काढून द्या. उद्या लेकीचा वाढदिवस आहे."

"बिल?"

"घरी राहिलंय म्हणाला. बोलायला फार गोड हो."

डॉक्टरीण काउंटरच्या बाहेर आली आणि तिने शटर अर्धं खाली ओढलं. ग्रंथपालांचं हसू मावळलं.

"शिक्का नसलेलं पुस्तक तुम्ही कपाटात ठेवत नाही, आणि बिनबिलाचा फोन लेकीच्या हातात देता? माझ्या बहिणीचं मनगट मोडून आणलाय हा!"

"मला काय कल्पना, बाई..."

"कल्पना नव्हती, की करून घ्यायची नव्हती? तुमच्यासारखे घेणारे आहेत म्हणून ते हिसकावतात!"

ग्रंथपाल मटकन स्टुलावर बसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिला त्यांची जरासुद्धा दया आली नाही. तिने विकणाऱ्याचा नंबर मागितला आणि त्यांनी मुकाट्याने तो वाचून दाखवायला सुरुवात केली. काय बोलायचं ते तिचं अकरा महिन्यांपासून पाठ होतं. गिऱ्हाईक म्हणून बोलायचं, बोलावून घ्यायचं, आणि पोलिसांच्या हाती द्यायचं.

ती एकेक आकडा दाबत गेली. शेवटचा आकडा दाबला आणि तिच्याच फोनवर नाव उमटलं: डिस्प्लेवाला दादा.

तिला वाटलं, आकडा चुकला. तिने ग्रंथपालांना नंबर पुन्हा वाचायला लावला. चुकला नव्हता.

तीन वर्षं तिच्याकडे सुटे डिस्प्ले, बॅटऱ्या, बंद पडलेले फोन त्याच्याकडून पार्सलने यायचे. बिल कधीच नसायचं. "मोडीत निघालेला माल आहे ताई," असं तो म्हणायचा आणि तिला ते पटायचं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. एकदा एका फोनच्या कव्हरमध्ये कुणाच्यातरी बाळाचा फोटो निघाला होता. तो कचऱ्यात टाकून तिने डिस्प्ले काढून घेतला होता. बहीण दवाखान्यात होती त्या आठवड्यातही पार्सल आलं होतं. ते एक दिवस उशिरा आलं, म्हणून त्याने माफीसुद्धा मागितली होती.

तिने हिरवं बटण दाबलं.

"बोला ताई!" आवाज खरंच गोड होता. "या खेपेला किती पाठवू?"

ग्रंथपालांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. फोन ठेवून द्यावा, ग्रंथपालांना हात जोडून वाटेला लावावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. दुकान वाचलं असतं. बहिणीच्या औषधपाण्याचा खर्चही याच दुकानातून निघत होता.

"पाठवू नका," ती म्हणाली. "स्वतः या. मोठी ऑर्डर आहे. उद्या अकराला, दुकानात."

"तुमच्यासाठी काय पण, ताई!"

दुसऱ्या दिवशी तो दोन पिशव्या घेऊन आला आणि साध्या वेशातल्या पोलिसांनी त्याला शटरच्या आत धरला. फोन हिसकावणाऱ्या दोघांची नावं त्याने ठाण्याच्या पायरीवरच ओकली. डॉक्टरिणीने त्याचा पडलेला चेहरा डोळे भरून बघून घेतला. या दिवसासाठी तिने अकरा महिने काढले होते. तरीही तिचा राग निवेना.

ठाण्यातल्या अंमलदाराने कागद पुढे ओढला. "चोरीचा माल घेणाऱ्यांचीही चौकशी होणार. याच्याकडून कोणी कोणी घेतलाय?"

शेजारी बसलेल्या ग्रंथपालांनी वर्गातल्या पोरासारखा अर्धवट हात वर केला. डॉक्टरिणीने तो धरून खाली केला.

"यांनी एक घेतलाय, साहेब. मी तीन वर्षं घेतेय. आधी माझं नाव लिहा."